धूर, वाफ आणि माणसाचा चेहरा



वसंत व्याख्यानमालेत कोणी संतवाङ्मयावर बोलतो, कोणी इतिहासावर, कोणी ग्रहताऱ्यांवर. माझ्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता आणि संप यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज मी माणसाच्या चेहऱ्यावर बोलणार आहे. विषय कळवला तेव्हा चालकांपैकी एक गृहस्थ हसून म्हणाले, "युनियनवाले सौंदर्यप्रसाधनांत केव्हापासून शिरले?" त्यांना मी एवढेच सांगितले की, ज्याच्याजवळ अंगमेहनतीशिवाय विकावयास दुसरे काही नाही, त्याच्या अंगाचा हिशेब ठेवणे हे युनियनचे पहिले काम आहे, आणि चेहरा हे त्या हिशेबवहीचे पहिले पान आहे.

मी डॉक्टर नव्हे. शाळा सातवीत सुटली. त्यापुढचे शिकणे वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत रात्री उशिरा झाले. तेव्हा आज मी जे शास्त्र सांगणार ते शास्त्रज्ञांचे आहे. ते आपल्या भाषेत आणून मांडण्याची खटपट तेवढी माझी.

गेल्या काही वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर येते. पुण्या-बंगळूरकडे नोकरीला गेलेली आपली मुले सणाला घरी येतात. एखाद्याच्या खिशात पेनासारखी एक नळी असते. तिला ई-सिगारेट म्हणतात, आणि ती ओढण्याला व्हेप करणे. विचारले तर मुलगा सांगतो, "काकाजी, सिगारेट सोडली. पाहा ना, चेहरा कसा साफ झाला." दुसऱ्या मुलाची तक्रार नेमकी उलटी असते: "ओठ फुटतात, तोंड कोरडे पडते, कातडी ओढल्यासारखी वाटते." आणि तिकडे आपल्या वयाच्या माणसांनी विडी टाकून खर्रा धरलेला असतो, तेही अभिमानाने सांगतात, "आता धूर बंद." या तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. पण आपल्या अनुभवावरून प्रत्येक जण जो निष्कर्ष काढतो, तो मात्र तपासून घेण्यासारखा आहे. आज तेवढेच करू.

प्रथम धूर चेहऱ्याचे काय करतो ते पाहू. आपले गाव विणकरांचे. त्यामुळे कातडीची रचना आपणांस समजावून सांगणे सोपे आहे. कातडीच्या वरच्या पापुद्र्याखाली जणू एक विणलेले वस्त्र असते. त्यातील बळकट धाग्यांना कोलॅजेन म्हणतात, आणि ताण सोडताच कातडीला पुन्हा जागेवर आणणाऱ्या लवचिक धाग्यांना इलॅस्टिन. हे वस्त्र रोज थोडे झिजते आणि रोज थोडे नव्याने विणले जाते. विणायला सूत लागते, ते रक्तातून येते.

विडी पेटली की या मागावर तीन संकटे एकदम येतात. निकोटीनमुळे कातडीतील बारीक रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे सूत कमी येते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून बसतो. म्हणजे जे रक्त पोचते त्यातही प्राणवायू अपुरा. तिसरी गोष्ट २००१ साली लंडनच्या संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. कोलॅजेनचे धागे तोडणारे एक एंझाइम आपल्या कातडीत असते. ते तयार करण्याची आज्ञा धूम्रपान करणाऱ्यांच्या कातडीत अधिक जोराने सुटते, असे त्यांना आढळले. आणि त्यांनी तपासायला कातडी घेतली होती ती कपड्याखालच्या, कधीही ऊन न लागणाऱ्या भागाची. सबब, सगळा दोष उन्हावर ढकलून मोकळे होता येत नाही. सूत कमी आणि कात्री चालवणारा हात जास्त, अशा मागावर कसले लुगडे निघणार, ते खाप्याच्या माणसाला मी सांगावयास नको.

आता हे डोळ्यांना दिसते का? दिसते. १९७१ साली कॅलिफोर्नियातील डॅनियल नावाच्या डॉक्टरांनी हजारावर माणसांचे चेहरे पाहून सिगारेट आणि सुरकुत्या यांचा संबंध मांडला. १९८५ साली इंग्लंडमधील मॉडेल नावाच्या डॉक्टरांनी 'धूम्रपान करणाऱ्याचा चेहरा' असे नावच एका चेहऱ्याला दिले: ओठांपासून आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांपासून फुटणाऱ्या रेघा, गालफडे बसून वर आलेली हाडे, राखेसारखा रंग. दहा वर्षे किंवा अधिक काळ ओढत असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा चेहरा त्यांना तसा आढळला. ज्यांनी सोडली होती त्यांच्यापैकी थोड्यांचा. आणि न ओढणाऱ्यांत एकाचाही नाही.

कोणी म्हणेल, रूप हे आईबापांकडून येते, त्याला विडी काय करणार? याचे उत्तर अमेरिकेतील ओहायो राज्यात ट्विन्सबर्ग नावाचे गाव आहे, तेथे मिळाले. तेथे दरवर्षी जुळ्यांचा मेळा भरतो. तेथील जुळ्यांच्या ७९ जोड्यांची छायाचित्रे घेऊन ती परीक्षकांना दाखविण्यात आली. कोण ओढतो आणि कोण नाही, हे परीक्षकांना सांगितले नव्हते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ओढणाऱ्या भावंडाच्या पापण्या अधिक उतरलेल्या, डोळ्यांखाली पिशव्या, नाकापासून ओठांकडे येणाऱ्या घड्या अधिक खोल, असे दिसून आले. दोघेही ओढणारे, पण एकाची सवय पाच वर्षांनी अधिक जुनी, अशा जोड्यांतही काही फरक चेहऱ्यावर उतरला होता. आईबाप तेच, जन्माची वेळ तीच. वेगळी होती ती सवय.

आपल्या विडीला यातून सूट नाही. उलट, तेंदूच्या पानातून हवा कमी खेळते, विडी विझू नये म्हणून झुरके अधिक आणि जोरात ओढावे लागतात, आणि निकोटीन व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी तर मुळीच मिळत नाही. त्यात विदर्भाचे ऊन. शेतात, रस्त्यावर, खाणीच्या तोंडावर राबणाऱ्या माणसाच्या कातडीवर ऊन आणि धूर दोघेही एकाच वेळी वसुली करतात. म्हणून चाळिशीच्या मजुराला अनोळखी माणूस सहज 'बाबा' म्हणून हाक मारतो.

बरे, सोडल्यावर काय परत येते? येथे मी आपणांस आशा दाखवणार आहे, पण मापात. कार्बन मोनॉक्साइड एकदोन दिवसांत रक्तातून निघून जातो. काही आठवड्यांत रक्ताभिसरण सुधारते. चेहऱ्यावरची राखाडी छटा उतरू लागते, जखमा पूर्वीपेक्षा नीट भरू लागतात. बोटांच्या नखांवर धुराचा जो पिवळा डाग बसलेला असतो, तो नखाबरोबर पुढे सरकतो आणि मागून स्वच्छ नख उगवते. नखावर या दोन रंगांमधली सीमारेषा स्पष्ट दिसते. विडी कधी सोडली याची तारीखच तेथे लिहिलेली असते. पूर्ण नख बदलायला साधारण सहा महिने लागतात. मात्र पडलेल्या सुरकुत्या पुसल्या जात नाहीत. तुटलेला धागा जोडला जात नाही. पुढचे विणकाम तेवढे सुधारते.

एवढे समजले म्हणजे व्हेप ओढणाऱ्या मुलाचे बोलणे उलगडते. त्या नळीत काही जळत नाही. बॅटरीवर एक तार तापते आणि प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी द्रव्ये आणि बहुधा निकोटीन मिसळलेल्या द्रवाची वाफ होते. २००३ च्या सुमारास चीनमधील होन लिक या औषधशास्त्रज्ञाने हे यंत्र सध्याच्या रूपात आणले. जाळणे नाही म्हणून डांबर नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडही जवळजवळ नाही. ज्याने सिगारेट पूर्ण सोडून ही नळी धरली, त्याच्या रक्तात प्राणवायू वाढणारच. रंग थोडा खुलणारच. बोटांचा पिवळेपणा जाणारच. पण हे श्रेय कोणाचे? ते धूर थांबल्याचे. नळी न धरता त्याने सिगारेट टाकली असती, तरी हेच झाले असते. गिरणीचा भोंगा वाजला म्हणून सूर्य उगवला असे कोणी म्हणत नाही. येथे मात्र विकणारा तेच म्हणतो, आणि आपण ऐकतो.

आणि काय मागे राहिले तेही पाहिले पाहिजे. निकोटीन राहिले, म्हणजे रक्तवाहिन्या आकसणे राहिले. २०१८ साली बोस्टनच्या संशोधकांनी उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांचे तीन गट केले: एकाला सिगारेटचा धूर, दुसऱ्याला ई-सिगारेटची वाफ, तिसऱ्याला काही नाही. नंतर पाठीवरची कातडी एका बाजूने उचलून पुन्हा शिवली आणि ती किती जगते ते पाहिले. धुराच्या आणि वाफेच्या, दोन्ही गटांत कातडीचा मेलेला भाग तिसऱ्या गटापेक्षा अधिक निघाला, आणि त्या दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी सर्जन विडीबरोबर व्हेपही बंद करावयास सांगतात, ते उगाच नव्हे.

आता दुसऱ्या मुलाची तक्रार. प्रोपिलीन ग्लायकॉल पाणी ओढून घेणारा पदार्थ आहे; त्यामुळे तोंड आणि घसा कोरडा पडतो, ओठ सुकतात. काहींना त्याची ॲलर्जी असते. नळीच्या धातूत निकेल असेल तर निकेल न सोसणाऱ्यांच्या हातावर व ओठांभोवती पुरळ उठल्याची उदाहरणे डॉक्टरांनी नोंदविली आहेत. बॅटरी खिशात किंवा हातात फुटून मांड्या, हात आणि चेहरा भाजल्याचीही उदाहरणे आहेत. सुरकुत्यांचे म्हणाल, तर कातडीचे वस्त्र विरायला वीसतीस वर्षे लागतात, आणि या नळ्या बाजारात येऊन तेवढी वर्षे अजून उलटलेली नाहीत. तेव्हा 'यापासून चेहऱ्याला काही होत नाही' असे जो आज छातीठोकपणे सांगतो, तो आपल्या मुलांचा चेहरा गहाण ठेवून बोलत आहे.

येथे कोणी वाचणारा तरुण उठून म्हणेल, "इंग्लंडात तर सरकारी आरोग्यसेवाच सिगारेट सोडण्यासाठी याची मदत घेते." बरोबर आहे. जळत्या सिगारेटपेक्षा ही वाफ कमी घातक, असे तेथील आरोग्ययंत्रणेचे मत आहे, आणि मोठ्या वयाच्या, सुटतच नाही अशा ओढणाऱ्यासाठी ते बोलतात. जो कधी ओढतच नव्हता त्याने सुरू करावे, असे तेही म्हणत नाहीत. शिवाय तेथे द्रवात काय घालावे यावर नियम आहेत. आपल्याकडे १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी संसदेने कायदा केला. ई-सिगारेट बनविणे, आणणे, विकणे आणि तिची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे आपल्या मुलाच्या खिशातला माल चोरवाटेने आलेला असतो आणि त्यात काय आहे हे कोणीही तपासलेले नसते. चोरट्या द्रवाने काय होते ते अमेरिकेने पाहिले. तेथे २०१९ साली सुरू झालेल्या फुप्फुसांच्या आजारात फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ माणसे दगावली. गांजाच्या अर्काच्या द्रवात मिसळलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे त्याचे मुख्य कारण ठरले.

पण मंडळी, ही नळी शहरातली. आपल्या विदर्भातला खरा बदल पानठेल्यावर होतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करणारे निघाले आणि २४.४ टक्के तंबाखू खाणारे. धुराच्या बाबतीत आपण देशात कितीतरी चांगले, म्हणून पाठ थोपटून घ्यावी, तर तंबाखू तोंडात जाऊन बसलेली. जुलै २०१२ मध्ये राज्याने गुटखा बंद केला. तरी पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून मिळणारा खर्रा आपल्या भागात शाळकरी मुलांपर्यंत पोचला आहे.

खर्रा चेहऱ्याचे जे करतो ते धुराच्या उलटे आहे, आणि म्हणून फसवे आहे. धूर कोलॅजेनचे धागे तोडतो; सुपारी गालाच्या आतल्या बाजूस तेच धागे नको इतके साठवते. साडीला बेताची खळ दिली तर ती छान उभी राहते. खळ बेसुमार झाली तर घडी घालताना कापड तडकते. गालाचे तसेच होते. तिखट खाताना आग होते, आतली कातडी पांढुरकी व ताठ होते, गाल बसतात, शीळ घालता येत नाही, आणि तोंड उघडेनासे होते. यातून पुढे कर्करोग होऊ शकतो; सुपारी ही एकटीसुद्धा कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच ठरविले. आज घरी गेल्यावर आरशासमोर एक परीक्षा करा. आपल्याच हाताची मधली तीन बोटे जुळवून उभी धरा आणि ती तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर उद्याच दंतवैद्याकडे जा. आजार लवकर कळला आणि खर्रा सुटला तर पुढची वाढ रोखता येते. एकदा आवळलेले तोंड मात्र पूर्ववत करणे फार अवघड. विडी सोडून खर्रा धरणाऱ्याचा वरून दिसणारा रंग काही दिवस उजळतो, आणि आतून दोर आवळत जातो.

आता माझ्या पक्षाचे बोलतो. कामगार ही वस्तू घेतो का? चैन म्हणून घेत नाही. बारा तासांच्या पाळीत भूक मारायला घेतो, रात्री झोप मारायला घेतो. आणि आणखी एक कारण आहे, ते मी अनेक कामांवर पाहिले. विडी ओढायला जातो म्हटले की मुकादम पाच मिनिटे सोडतो; नुसता बसतो म्हटले की त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. विडी हा आमच्या माणसांचा विश्रांतीचा परवाना झाला आहे. म्हणून युनियनच्या मागण्यांत मी एक मागणी नेहमी घालतो: विश्रांतीची मिनिटे सर्वांना सारखी द्या, हातात विडी असो वा नसो. व्यसनमुक्तीच्या दहा भित्तिपत्रकांपेक्षा या एका मागणीचा उपयोग अधिक होईल, असे मला वाटते.

दुसरा प्रश्न याहून कठीण आहे, आणि तो मला विडी वळणाऱ्या बायाच विचारतात. "भाऊ, तुम्ही विडी सोडा म्हणून सांगता, मग आम्ही खायचे काय?" मांडीवर सूप घेऊन दिवसभर तेंदूची पाने कातरणारी, तंबाखू भरून दोरा बांधणारी ही बाई विडी ओढत नाही. तरी तिच्या बोटांच्या कातडीतून निकोटीन आत जाते, बारीक भुकटी श्वासातून जाते, बोटे काळवंडतात. मजुरी हजारावर, तिच्या चेहऱ्याचा हिशेब कोणाच्याच वहीत नाही. १९६६ साली विडी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला. हे लढून मिळाले, आणि थोडे नव्हते. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. ते उत्तर भारताने २००४ साली मान्य केलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण करारात आहे. त्याच्या सतराव्या कलमात, तंबाखूवर पोट असलेल्या कामगारांना, शेतकऱ्यांना आणि लहान विक्रेत्यांना परवडणारा दुसरा धंदा मिळावा म्हणून सरकारांनी प्रयत्न करावेत, असे लिहिले आहे. पाकिटावरचे भयंकर चित्र त्याच कराराच्या अकराव्या कलमातले. अकरावे कलम पाकिटापाकिटावर छापले गेले. सतरावे कलम विडी वळणाऱ्या बाईच्या दारापर्यंत पोचलेले मी पाहिलेले नाही. ते पोचवावे असे मागणे, हे विडी सोडा असे सांगण्याइतकेच आपले कर्तव्य आहे. या दोन मागण्या वेगळ्या केल्या तर ओढणारा आणि वळणारी एकमेकांचे शत्रू ठरतात. आणि दोघेही मजूरच.

तेव्हा घरी जाताना एवढे लक्षात ठेवावे. मुलाने किंवा भावाने धूर सोडला, तर आनंद माना. त्याचा चेहरा उजळला असेल तर तसे त्याला जरूर सांगा. पण मग विचारा की, जागेवर काय आले? निकोटीनची नळी आली असेल किंवा सुपारी आली असेल, तर सुटका अर्धीच झाली. पुढच्या अर्ध्यासाठी मदत मिळते. सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनचे च्युइंगम किंवा पट्ट्या घेऊन मात्रा पायरीपायरीने उतरवता येते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूविरोधी काम गावोगाव चालले. एकट्याने सोडण्यापेक्षा गावाने मिळून सोडणे सोपे, असे तेथे धरले आहे. युनियनच्या माणसाला ही गोष्ट नवी नाही.

 कोणाला शंका विचारावयाच्या असतील तर मी येथे थांबलो आहे. आणि तीन बोटांची परीक्षा ज्यांना घरी जाईपर्यंत धीर धरवत नसेल, त्यांनी ती येथेच करून पाहावी.